टारच्या बॅकअपमधून नको असलेले फोल्डर वगळले जात नव्हते

प्रकल्पाचा बॅकअप जीएनयू टार या अनेक फाइली एकाच फाइलमध्ये (आर्काइव्हमध्ये) बांधणाऱ्या कमांडने घेताना वगळण्यासाठीचा ‘एक्सक्लूड’ हा पर्याय देऊनही ‘नोड_मॉड्यूल्स’ हे जावास्क्रिप्ट लायब्ररींचे फोल्डर आर्काइव्हमध्ये येतच होते, आणि कमांड मात्र कोणतीही सूचना न देता पूर्ण होत होती. रूटपासूनचा पूर्ण पाथ लिहून पाहिला, टार अपडेट केले, तरी उपयोग झाला नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या आणि मनस्ताप झाला.

चूक नावाच्या शेवटच्या स्लॅशमध्ये होती. टॅब दाबून नाव पूर्ण केले की शेल (कमांड स्वीकारून चालवणारा प्रोग्राम) तो स्वतःच जोडते, आणि मग टारला ते नाव जुळत नाही. पूर्ण पाथही याचसाठी निरुपयोगी ठरला, कारण आर्काइव्हमधील नावे प्रकल्पाच्या फोल्डरपासून सुरू होत होती.

आधी प्रकल्पाच्या वरच्या फोल्डरमध्ये जावे. कमांडमध्ये ‘टार’नंतर लगेच एक्सक्लूड, बरोबरचे चिन्ह आणि एकेरी अवतरणात स्लॅशविना केवळ नाव लिहावे, त्यापुढे संकुचित आर्काइव्ह तयार करणारा ‘सी-झेड-एफ’ व आर्काइव्हचे नाव, आणि सर्वांत शेवटी प्रकल्पाचे फोल्डर द्यावे. हा क्रम मोडू नये, कारण फोल्डरनंतर लिहिलेला एक्सक्लूड नव्या आवृत्त्यांत त्या फोल्डरला लागू होत नाही. नंतर ‘टी-झेड-एफ’ने आर्काइव्हमधील नावांची यादी काढून ती ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तपासावी.

केवळ नाव दिल्यास त्या नावाचे फोल्डर कोणत्याही पातळीवर वगळले जाते. म्हणून ‘बिल्ड’सारख्या सर्रास नावाआधी प्रकल्पाचे नाव व स्लॅश अवश्य लिहावा.