निटेड इलेक्ट्रोडचा क्लेम लिहायचा तर टाक्यापासून सुरुवात करा

माझ्या टेबलाच्या खणात एक भिंग आणि एक टाचणी कायम असते. बॅटरीच्या निटेड इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे टाके घालून केलेल्या कापडाच्या इलेक्ट्रोडसाठी, पेटंट हवं म्हणून कुणी आलं, की मी प्रयोगाचे आलेख नंतर बघते, आधी कापडाचा तुकडा मागते. कडेचा धागा टाचणीने सोडवून हळूच ओढते. ओळच्या ओळ उसवत आली तर ते वेफ्ट निटिंग, म्हणजे आईच्या सुयांवरच्या स्वेटरचंच भावंड: एकच धागा आडवा जातो आणि नवा टाका खालच्या टाक्यातून वर येतो. सहज उसवलं नाही तर बहुधा वॉर्प निटिंग, जिथे सुईगणिक वेगळा धागा असतो.

एवढी तपासणी करण्याचं कारण असं, की मराठीत ‘विणलेलं’ हा शब्द मागावरच्या कापडालाही चालतो आणि सुयांवरच्या कापडालाही. मी इचलकरंजीत वाढले. तिथे विणणं म्हणजे माग, ताणा आणि बाणा. सुरुवातीच्या काळात एका संशोधकाच्या तोंडून ‘विणलेलं कापड’ ऐकलं आणि मी मसुद्यात सगळीकडे ‘वोव्हन’, म्हणजे मागावर विणलेलं, असं लिहिलं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी नमुना हातात आला, तेव्हा कळलं की त्यात ताणाही नाही, बाणाही नाही. आपल्याकडे अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो, आणि एकदा दाखल झाला की पेटंट कायद्याचं कलम ५९ दुरुस्तीला फार थोडी जागा ठेवतं. मूळ कागदात नसलेली गोष्ट नंतर घालता येत नाही. तेव्हापासून पहिला मसुदा मी मराठीतच लिहिते, आणि त्यात ‘विणलेलं’ हा शब्द वापरत नाही. ‘टाका’ वापरते.

क्लेम, म्हणजे पेटंटमधला हक्काचा दावा, लिहिण्याआधी जुनं काय आहे ते शोधा. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला फक्त एच०१एम ४/७४, म्हणजे जाळी आणि विणलेल्या साहित्याचे विद्युतवाहक आधार, एवढंच बघून थांबू नका. निटिंगचा वर्ग डी०४बी आहे, आणि सुपरकपॅसिटरचं (झटपट चार्ज होणाऱ्या वीजसाठ्याच्या साधनाचं) काम एच०१जी ११ मध्ये सापडतं. पेटंटबाहेरचे शोधनिबंधही तुमच्याविरुद्ध उभे राहतात. २०१० साली स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने सुती कापड कार्बन नॅनोट्यूबच्या शाईत बुडवून वीजवाहक केल्याचं प्रसिद्ध केलं. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या क्रिस्टी जोस्ट, युरी गोगोत्सी आणि सहकाऱ्यांनी निट केलेल्या कार्बन धाग्यांचे सुपरकपॅसिटर दाखवले. म्हणजे ‘वीजवाहक निटेड कापडावर सक्रिय पदार्थ’ (वीज साठवणारा पदार्थ) एवढंच लिहून आज काही मिळणार नाही. पेटंट कार्यालयाचा तपासनीस हे दोन निबंध शेजारी शेजारी ठेवेल.

मग नवं काय उरतं? माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा टाक्याच्या गाठीशी असतं, जिथे धागा धाग्याला टेकतो तिथे. विचारा: सक्रिय पदार्थाचा लेप धाग्यावर आधी दिला की कापड झाल्यावर? आधी दिला तर मशीनच्या सुईच्या हुकावरून वळताना तो तडकतो, आणि टेकणाऱ्या जागी दोन्ही धाग्यांच्या मध्ये लेपाचा थर राहतो. कापड झाल्यावर स्लरीत (लेपाच्या दाट पातळ मिश्रणात) बुडवलं तर धागे घट्ट टेकलेल्या जागी लेपाला शिरायला वाव कमी असतो, वीज थेट धाग्यातून धाग्यात जाते, आणि लेप टाक्याच्या मोकळ्या कमानीवर बसतो. शिवाय कमानीला हलायला जागा असते. सक्रिय पदार्थ सिलिकॉन असेल, तर लिथियम पूर्ण भरल्यावर त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. सपाट तांब्याच्या फॉइलवर असा लेप सुटून येतो. टाक्यांची कमान त्याला वाव देत असेल आणि तुमच्या मोजमापात ते दिसत असेल, तर शोध तिथे आहे. कापड कापून त्याच्या छेदाची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं काढून घ्या. ती नसतील तर मी पुढे लिहीत नाही.

पहिला क्लेम मी मराठीत असा मांडते:

‘बॅटरीसाठीचा इलेक्ट्रोड, ज्यात वीजवाहक धाग्याच्या टाक्यांचं निटेड कापड आहे, ज्यातला प्रत्येक टाका लगतच्या ओळीतल्या टाक्यातून ओढलेला आहे, आणि त्या धाग्यावर लिथियम आयन घेणारा व सोडणारा सक्रिय पदार्थ आहे, वैशिष्ट्य असं, की टाके एकमेकांना जिथे टेकतात तिथे धागा धाग्याला सक्रिय पदार्थाच्या थराशिवाय थेट टेकतो.’

इंग्रजी करताना ‘ज्यात आहे’ यासाठी ‘कम्प्रायझिंग’ (हे आहे, शिवाय आणखीही काही असू शकतं) घ्या. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (फक्त एवढंच आहे) घेतलं तर एखादा इलास्टेनचा, म्हणजे ताणला जाणारा, धागा जास्तीचा घालून दुसरा सहज निसटेल.

आकड्यांबाबत मी सगळ्यात जास्त हट्टी आहे. ‘प्रति सेंटिमीटर ८ ते १२ टाके’ असा आकडा लोक बिनधास्त लिहितात. पण निटेड कापड मशीनवरून उतरल्यावर आवळतं, धुतल्यावर आणखी आवळतं, ताणलं की पसरतं. ज्या अवस्थेत मोजलं ती लिहिली नाही तर आकडा निरर्थक, आणि तपासनीस ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवतो. लेप देण्याआधी की नंतर, सैल ठेवून की ताण देऊन, किती वेळ ठेवून, हे सगळं वर्णनात लिहा. विद्युतरोधही तसाच: ताण बदलला की टाक्यांचा दाब बदलतो आणि रोध बदलतो.

धाग्याचं रसायन क्लेममध्ये आंधळेपणाने घालू नका. ‘धातूचा मुलामा असलेला धागा’ लिहिलंत आणि त्यात तांबं आलं, तर कॅथोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) बाजूला ते लिथियमच्या तुलनेत साधारण ३.५ व्होल्टच्या आसपास विरघळू लागतं. ॲल्युमिनियम ॲनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) चालत नाही, कारण कमी व्होल्टेजला ते लिथियमशी मिश्रधातू करतं. पहिल्या क्लेममध्ये ‘वीजवाहक’ ठेवा आणि पुढच्या क्लेममध्ये ॲनोडसाठी आणि कॅथोडसाठी वेगवेगळे धागे बांधा. पहिला पडला तरी हे खालचे तग धरतात, म्हणून त्यांच्यावर कंजुषी करू नका. १० क्लेमपर्यंत वेगळी फी नाही, पुढच्या प्रत्येकाला आहे.

आता जी गोष्ट बहुतेक मसुद्यांत राहून जाते: इनले. कार्बनचा धागा ठिसूळ असतो, सुईत वळवला की तुटू शकतो. म्हणून कारागीर बऱ्याचदा तो टाक्यात घालतच नाही. साध्या पॉलिस्टरचे टाके घालतो आणि कार्बन त्यांच्या मधून सरळ आडवा टाकतो. वरचा पहिला क्लेम ‘वीजवाहक धाग्याच्या टाक्यांचं’ म्हणतो, म्हणजे हे कापड त्यातून सुटलं. तुमच्या शोधाचं तत्त्व इनलेलाही लागू होत असेल तर त्याच अर्जात दुसरा स्वतंत्र क्लेम द्या. कलम १०(५) प्रमाणे दोन्ही एकाच कल्पनेने जोडलेले असावेत आणि वर्णनात इनलेचा किमान एक केलेला नमुना असावा. नमुना नसेल तर आधी करा.

म्हणून मी मसुदा वकिलाला दाखवण्याआधी निटिंग मशीन चालवणाऱ्या माणसाला वाचून दाखवते आणि विचारते, ‘दादा, या क्लेमच्या कक्षेत न येता तुम्ही हेच कापड कसं कराल?’ एकदा एकांनी पाच मिनिटांत तीन वाटा सांगितल्या. तिन्ही क्लेममध्ये आल्या. अर्थात आधी गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या.

आणि पोस्टर! परिषदेत, प्रदर्शनात, गाइडच्या भाषणात नमुना दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज करून टाका. आधीच उघड केलेल्या शोधाला कायद्यातली सूट फार अरुंद आहे, तिच्या भरवशावर राहू नका. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. तात्पुरत्या कागदात टाक्याचं वर्णन, इनले, लेपाचा क्रम, मोजण्याची अवस्था हे सगळं असू द्या, कारण जे त्यात नाही त्याला ती तारीख मिळत नाही. ज्या कापडावर मोजमाप केलं त्याचा एक तुकडा तारीख लिहून बंद पाकिटात ठेवा. तपासणीचा पहिला अहवाल येतो तेव्हा उत्तराला ६ महिने असतात, आणि तेव्हा तोच तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो.