एपी लिटरेचर: उपमा सापडली, मग?

दहावीला कवितेच्या रसग्रहणात माझा एकही गुण कधी कापला गेला नव्हता. त्यानंतर आम्ही अमेरिकेत आलो, आणि त्याच भरवशावर मी बारावीला एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) इंग्लिश लिटरेचर घेतलं. कवितेवरच्या पहिल्या निबंधाला सहापैकी दोन मिळाले. उपमा शोधली होती, अनुप्रास शोधला होता, चेतनगुणोक्तीसुद्धा सोडली नव्हती. बाईंनी समासात तिन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: "सो?" मला वाटलं, बाईंना अलंकार आवडत नसावेत.

यंदा मावसबहीण हाच विषय घेतेय. तिला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगत होते, ते इथे सलग लिहितेय.

परीक्षा मे महिन्यात, तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के वजन. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध, त्यांना ५५ टक्के. पहिला निबंध कवितेवर, दुसरा कथा-कादंबरीतल्या उताऱ्यावर, आणि या दोन्हींचा मजकूर समोर दिलेला असतो. तिसऱ्याला मजकूर नसतो. एक विषय देतात आणि तुम्ही वाचलेली कादंबरी किंवा नाटक घेऊन त्यावर लिहायचं. शेवटी १ ते ५ मध्ये गुण. ठरावीक पाठ्यपुस्तक नाही, त्यामुळे 'पोर्शन संपला' असं कधी वाटतच नाही. आपल्याकडून आलेल्या मुलांना याचाच पहिला धक्का बसतो.

आता त्या "सो?" बद्दल. प्रत्येक निबंधाला सहा गुण असतात. एक गुण तुमच्या मुख्य विधानाला, म्हणजे थीसिसला. चार गुण पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला. शेवटचा एक 'सॉफिस्टिकेशन'चा, म्हणजे विचारांच्या प्रगल्भतेचा, तो फार थोड्यांना मिळतो आणि त्याच्या मागे धावून वाक्यं फुगवली की हातचे गुणही जातात. खरा खेळ मधल्या चारांचा. अलंकाराचं नाव सांगितल्याबद्दल वेगळा गुण नाही. तो अलंकार तिथे काय काम करतो, हे सांगितल्याचे गुण आहेत.

एक उदाहरण देते. सरावाच्या एका कवितेत वडील जुनी होडी दुरुस्त करताहेत आणि मुलगी बघत उभी आहे. मी लिहिलं होतं, "कवीने क्रियापदांचा प्रभावी वापर करून वडिलांचा स्वभाव व्यक्त केला आहे." हे वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चिकटवता येईल. महिनाभराने तीच कविता परत लिहिली: "सुरुवातीला वडील लाकूड थोपटतात, चाचपतात, शेवटी तेच हात ठोकतात, पिळतात. होडी जोडली जाते तशी मुलगी एकेक पाऊल मागे सरकते. वडिलांच्या ज्या कसबाचा तिला अभिमान आहे, त्याचीच तिला भीतीही वाटते." या वेळी चार मिळाले. उपमेचा उल्लेखसुद्धा नव्हता.

त्या शेवटच्या वाक्यातला 'अभिमान आणि भीतीही' हा भाग नीट बघा. प्रश्नांमध्ये 'कॉम्प्लेक्स' हा शब्द पुन्हापुन्हा येतो: कॉम्प्लेक्स नातं, कॉम्प्लेक्स दृष्टिकोन. पहिले दोन महिने मी तो सजावटीचा शब्द समजून पुढे जात होते. तो सूचना आहे. भावनेला दोन टोकं आहेत आणि दोन्ही दाखवा, असं तो सांगतो. म्हणून मी एक साधी खूण ठरवली होती: थीसिसमध्ये 'तरीही' बसत नसेल तर कविता परत वाचायची. बहुतेक वेळा मधे कुठेतरी 'बट' किंवा 'येट' असायचा, तिथे कविता वळलेली असायची आणि मी सरळ निघून गेलेली असायचे.

तिसऱ्या निबंधासाठी दहा पुस्तकं वरवर वाचू नका. तीन पक्की करा, तीही वेगवेगळ्या स्वभावाची. प्रश्नाखाली पुस्तकांची यादी असते, पण तिच्याबाहेरचं चांगल्या दर्जाचं पुस्तकही चालतं. माझा आधार आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक होतं. बाप-मुलगा, पैसा, खोटेपणा, घर, भूतकाळ, काहीही विचारलं तरी त्यात धागा सापडायचा. अवतरणं पाठ केली नाहीत. प्रसंग पाठ केले: सेल्समन विली रात्री टॉर्च घेऊन परसात बी पेरतो, त्याची बायको लिंडा फाटके स्टॉकिंग्ज शिवत बसते आणि नवे दुसऱ्याच बाईला मिळतात. असे सहा-सात प्रसंग डोळ्यांसमोर असले की पुरतं. मात्र परीक्षकाने पुस्तक वाचलेलं आहे असं समजूनच लिहा. गोष्ट सांगत बसलात की वेळही जातो आणि गुणही.

बहुपर्यायी भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच उतारे, प्रत्येकी साधारण बारा मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मला अडायचे ते 'टोन'चे, म्हणजे लिखाणाचा सूर सांगणारे शब्द. त्यांची वही केली आणि पुढे इंग्रजी अर्थ न लिहिता मराठी शब्द लिहिले. 'विस्टफुल' म्हणजे हुरहूर लागलेला, 'सार्डॉनिक' म्हणजे खवचट, 'अँबिव्हॅलंट' म्हणजे द्विधा. हुरहूर लिहिल्यावर तो शब्द मी पुन्हा कधी चुकले नाही. दोन भाषा येत असल्याचा एवढा रोकडा फायदा वर्षभरात दुसरा झाला नाही.

सराव कसला करायचा? ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न, मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं आणि त्यांना तेवढेच गुण का दिले याचं टिपण फुकट मिळतं. मी आधी उत्तर वाचून स्वतः गुण द्यायचे, मग टिपण उघडायचे. सुरुवातीला माझे गुण दोनाने जास्त निघायचे, कारण भाषा सफाईदार दिसली की मी भुलायचे. स्वतः वीस निबंध लिहून जे कळलं नसतं, ते इथे सात-आठ उत्तरं तपासताना कळलं. फक्त २०१९ च्या आणि त्याआधीच्या उत्तरांना नऊपैकी गुण आहेत, ती पद्धत आता नाही, तेव्हा त्यानंतरची घ्या.

वेळेचं सांगते, कारण माझं तिथेच फसलं होतं. प्रत्येक निबंधाला ४० मिनिटं सुचवलेली असतात, पण कुणी थांबवत नाही. पहिल्या सराव परीक्षेत मी कवितेवर ५५ मिनिटं बसले आणि तिसरा निबंध दीड परिच्छेदात उरकला. पुढे तिसराच आधी लिहायला लागले: मजकूर वाचायचा नसतो, डोकं ताजं असतं. हे सगळ्यांना मानवेल असं नाही, वर्गातल्या एका मुलाचं त्याने उलट बिघडलं.

मे २०२५ पासून परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर, सगळी पडद्यावर होते. मी कविता कागदावर, पेन्सिलीने गिरगटत वाचणारी. पडद्यावर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जायच्या. निदान शेवटचा महिना तरी पडद्यावरच वाचा.

नोंदणी शाळेमार्फत होते आणि तिची नेहमीची मुदत आदल्या नोव्हेंबरातच संपते, त्यानंतर जाग आली तर उशिराचं जादा शुल्क पडतं. निकाल जुलैत लागला, मला ४ मिळाले. काही कॉलेजं ३ लाही क्रेडिट (पदवीच्या अभ्यासक्रमात धरले जाणारे गुण) देतात, काही फक्त ५ लाच, काही देतच नाहीत. माझ्या कॉलेजात ४ वर पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स माफ झाला. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम मात्र वेगवेगळा तपासा.