रोपांच्या पेटीचं काढतं झाकण: थंडीआधीची तयारी

थंडीत रोपं जपायला विटांची बुटकी पेटी नि तिच्यावर प्लास्टिकच्या पारदर्शक कागदाचं झाकण, असा हा बेत. कागद आणायच्या आधी पेटीची जागा पक्की करा. थंड हवा जड, ती उतारानं पाण्यासारखी सखल जागी जाऊन साचते. महाबळेश्वरात दव गोठतं ते वेण्णा तलाव, लिंगमळा या भागात, बाजारपेठेत नव्हे. म्हणून ओढ्याकाठचा नि बांधाखालचा खोलगट तुकडा सोडा. पेटीला विटा चालतील, जांभ्याचे चिरे पडून असतील तर उत्तमच. उत्तरेची भिंत दीड फूट, दक्षिणेची एक फूट. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला जेमतेम 49 अंशांवर असतो, तेव्हा झाकणाचा उतार तिकडंच हवा.

आता झाकण. वाई-जावळीकडची थंडी रात्रीची नि पहाटेची. अकरा वाजले की ऊन असं तापतं, की बंद पेटीत मिरची-टोमॅटोची रोपं शिजून निघतील. म्हणजे हे झाकण रोज काढायचं नि रोज घालायचं, तेही बहुधा घरात जो मोकळा असेल त्यानं. एकट्याला उचलेल असंच माप धरा: तीन बाय चार फूट, फार तर. पेटी लांब असेल तर झाकणं दोन-तीन करा, एकच अजस्र नको.

चौकटीला दीड इंची हलक्या लाकडी पट्ट्या, मधोमध एक आधाराची. कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोणी तुकडे, आणि सगळीकडं स्क्रू; खिळे रोजच्या उचल-ठेवीत ढिले पडतात. कडा पॉलिश पेपरनं गोल करून घ्या. घरात पीव्हीसी पाइपाचे तुकडे आहेत म्हणून त्यांची चौकट करायचा मोह होतो, पण पीव्हीसीला टेकलेला कागद लवकर खराब होतो.

कागद पॉलिहाउसचा, 200 मायक्रॉनचा, यूव्हीवाला. साधा पारदर्शक कागद उन्हानं एका हंगामात ठिसूळ होतो, त्यात पैसे घालू नका. आतली बाजू कुठली, हे दुकानातच विचारून खूण करून आणा. काही कागदांना थेंब न टपकण्यासाठी एकाच बाजूला लेप असतो.

खरं काम कागद ताणायचं. चारी बाजूंनी सहा इंच जादा ठेवून कापा. वारा पडलेला असावा आणि ऊन थोडं चढलेलं. ऊबेत लावलेला कागद गारव्यात आक्रसून ताठ राहतो, पहाटेच्या गारठ्यात लावलेला दुपारी झोळ धरतो आणि अवकाळी पावसाचं पाणी त्यातच साचतं. कागदाची कड बारीक पट्टीवर दोन वेढे गुंडाळायची आणि ती पट्टी चौकटीच्या खालच्या अंगाला स्क्रूनं आवळायची. उघड्या कागदाला भोक पाडलं की फाटायला तिथूनच सुरुवात. पट्टी आणि चौकटीच्या मध्ये जुन्या सायकल ट्यूबची चीर घातली तर पकड सुटत नाही. आधी लांब बाजू, मधून कोपऱ्यांकडं. मग आखूड बाजू. टिचकी मारल्यावर कागद ताडकन वाजला पाहिजे.

बिजागरी लावू नका, झाकण अख्खं निघायला हवं. खाली घसरू नये म्हणून दक्षिणेच्या भिंतीला दोन खुंट्या, वाऱ्यासाठी वरून नायलॉनची दोरी आणि दोन्हीकडं आकडे. दोन, चार, सहा इंचांवर खाचा पाडलेला एक टेकू करून ठेवा. पेटीत साधा तापमापक टांगा आणि तिशी गाठायच्या आत झाकण टेकूवर चढवा. तरी पारा चढतच राहिला तर सरळ काढून बाजूला.

रात्री एकेरी कागद ऊब फारशी धरत नाही. दव गोठायची लक्षणं दिसली, म्हणजे आभाळ निरभ्र नि वारा बंद, तर वरून टाकायला गोणपाटं हाताशी ठेवा. सकाळी ती आधी काढायची.

द्राक्षाला किंवा वेलभाज्यांना भुरी या बुरशी रोगासाठी गंधक धुरळणार असाल तर झाकणं आधी लांब हलवा, गंधकानं कागदाचं आयुष्य घटतं. फेब्रुवारी सरता सरता मऊ फडक्यानं नि साध्या पाण्यानं पुसून, सावलीत उभी करून ठेवा. धान्याच्या खोलीत मात्र नको, उंदीर कागद सोडत नाहीत.