सांगली-साताऱ्यातून हार्डवेअर सिक्युरिटीकडे: आधी एका चिपची किल्ली काढून दाखवा

सांगलीच्या वालचंदला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकत असाल आणि हार्डवेअर सिक्युरिटीत जायचं असेल, तर प्रमाणपत्रं गोळा करण्याआधी एक काम करा. आपल्याच बोर्डावर एईएस (गुप्त किल्लीने माहिती सांकेतिक करण्याची प्रमाण पद्धत) चालवा आणि चिप किती करंट ओढते एवढ्यावरून तिची किल्ली शोधून काढा. कोचर, जॅफ आणि जुन या संशोधकांनी १९९९ साली मांडलेली ही वाट आज घरच्या टेबलावर जमते. पुढे जे शिकाल ते कशासाठी, हेही याच कामातून कळतं.

गणित थोडंच लागतं, पण पक्कं लागतं: मॉड्युलर अंकगणित (बाकीवर चालणारं), कोरिलेशन (दोन आकडे किती जुळून बदलतात याचं माप) आणि २५६ घटकांचं सांत क्षेत्र, म्हणजे मोजक्याच संख्यांचं गणित. हेक्समधल्या ५७ आणि ८३ चा एईएसच्या क्षेत्रातला गुणाकार कागदावर सी१ आला, की पाया तयार झाला समजा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटी खरगपूरच्या देबदीप मुखोपाध्याय यांचे क्रिप्टोग्राफी आणि हार्डवेअर सिक्युरिटीचे कोर्स आहेत, तेच धरा. सी आणि पायथन याच काळात पक्कं करा.

आता जोडणी. अर्दुइनो उनो या छोट्या बोर्डावरची एटमेगा३२८पी ही चिप सॉकेटमधून काढून ब्रेडबोर्डवर बसवा. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि रीसेटला १० किलोओहमचा पुल-अप लावा. पिन ८ आणि २२ दोन्ही ग्राउंडच्या. त्या आधी एकमेकींना जोडा, मग २२ ओहमच्या रेझिस्टरमधून सप्लायच्या ग्राउंडला न्या. एक जरी थेट गेली तर करंट त्याच वाटेने जातो आणि स्कोपवर (रेझिस्टरवरचा व्होल्टेज दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) काही दिसत नाही. यूएसबी-सीरियल मॉड्यूलचं ग्राउंडही याच कारणाने सप्लायच्या बाजूला हवं. चिपजवळचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर इथे लावू नका, कारण करंटचे झटके तोच भरून काढतो आणि मोजायचं तेच पुसलं जातं. रेझिस्टर वाढवला तर सिग्नल वाढतो, पण चिपचा व्होल्टेज घटतो आणि फार मोठा घेतला तर ती रीसेट होऊ लागते. सुटे भाग गावात मिळाले नाहीत तर पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात.

कोडमध्ये एईएस सुरू होताना एक पिन हाय करा आणि स्कोप तिच्यावर ट्रिगर करा. त्याआधी इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करा, हे बहुतेक जण विसरतात. अर्दुइनोचा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदांनी मध्ये शिरतो, मग काही ट्रेस (स्कोपने टिपलेले करंटचे आलेख) पुढे सरकतात आणि कोरिलेशन विरून जातं. स्कोप एसी कपलिंगवर, सेकंदाला १०० मेगासँपल आणि सिग्नल पडदाभर दिसेल असा स्केल ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

दर वेळी १६ बाइटचा नवा रँडम प्लेनटेक्स्ट (सांकेतिक करायचा मूळ मजकूर) पाठवून २,००० ट्रेस घ्या. एईएसची पहिली फेरी पुरते. ५,००० सँपलचा एक ट्रेस आणि दर सँपलला ४ बाइट धरले तर सगळं मिळून ४० एमबी होतं, साध्या लॅपटॉपला झेपेल इतकं. किल्लीच्या प्रत्येक बाइटसाठी २५६ अंदाज घ्या. प्रत्येक अंदाजाचा प्लेनटेक्स्टच्या त्याच जागच्या बाइटशी एक्सॉर करा, एस-बॉक्समधून (एईएसच्या बाइट बदलण्याच्या तक्त्यातून) काढा, उत्तरातले १ मोजा आणि ती संख्या ट्रेसच्या प्रत्येक बिंदूशी ताडून पाहा. ज्याचं कोरिलेशन सर्वांत उंच जाईल तो खरा बाइट. सगळे मिळून ४,०९६ अंदाज. १२८ बिटच्या किल्लीचे २ चा १२८ वा घात इतके पर्याय कुठल्या कुठे राहिले! एखादाच बाइट चुकला तर ट्रेस वाढवा. सगळेच चुकले तर ट्रेस एकावर एक ठेवून सरकलेत का ते पाहा, आणि प्लेनटेक्स्टचा क्रम फाइलमध्ये एका घराने हललाय का तेही तपासा.

किल्ली मिळाली की खरा अभ्यास सुरू होतो. त्याच कोडला मास्किंग (आतल्या किमतींत रँडम संख्या मिसळून गळती लपवणं) लावा आणि हल्ला पुन्हा करा. मग एईएस व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेत लिहून एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर न्या. ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम हे क्वांटम संगणकांपुढेही टिकावं म्हणून बनवलेलं, किल्ली ठरवण्याचं नवं मानक आलं आहे. त्याच्या अंमलबजावणीलाही हीच गळती रोखावी लागते, त्यामुळे तिथे काम भरपूर आहे.

पुढच्या शिक्षणासाठी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टोलॉजी आणि सिक्युरिटीत एमटेक आहे. लवकर नोकरी हवी असेल तर पुण्याच्या सी-डॅकचा व्हीएलएसआयचा (चिप डिझाइनचा) पदविका अभ्यासक्रम बरा, मात्र क्रिप्टोग्राफी स्वतःच शिकावी लागते. बायोडेटात कोर्सांची यादी लांबवू नका. किती ट्रेसना किल्ली मिळाली आणि मास्किंगनंतर तो आकडा कुठे गेला, हा एक आलेख जोडा. आणि हल्ला फक्त स्वतःच्या बोर्डावर. दुसऱ्याच्या उपकरणावर परवानगीशिवाय केला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात.