बाळाच्या स्वेटरचा गळा आधी मोजा

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि दुपारी ऊन चटकतं. म्हणजे बाळाचा स्वेटर दिवसातून दोन-तीनदा तरी घालायचा-काढायचा. म्हणून विणायला बसण्याआधी छातीच्या मापाबरोबर डोक्याचा घेरही घ्या. वर्षाच्या आसपासच्या मुलाचं डोकं आणि छाती जवळजवळ सारख्याच मापाची असते, साधारण 46 सेंमी. मोठ्यांच्या नमुन्यावरून लहान केलेला गळा इथेच अडतो, आणि कानावरून ओढताना लेकरू रडून घर डोक्यावर घेतं.

गळपट्टी एक टाका सुलट, एक टाका उलट अशी विणा, ती छान ताणली जाते. टाके बंद करताना मात्र एक-दोन नंबर जाड सुई घ्या आणि हात सैल ठेवा. घट्ट बंद केले, तर पट्टीचं सगळं ताणलं जाणं तिथेच मारलं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर डोक्यावरून घालायचा स्वेटर नकोच. पुढून उघडा विणा. बटणं दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवा, कारण सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. गळ्याला लोकरीची दोरी किंवा गोंडे अजिबात लावू नका, कितीही गोड दिसले तरी!

बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्या, की पुढच्या थंडीत फक्त मनगटाची पट्टी उसवून लांबी वाढवता येते. त्यासाठी त्याच रंगाच्या लोकरीचा एक गुंडा बाजूला ठेवा.