लंडनला बॅले बघायला निघालाय? मग या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडची पोरं लंडनला नोकरीला लागली की आई-बाबांची एक तरी चक्कर होतेच, आणि हल्ली बिग बेन, लंडन आयच्या जोडीला रॉयल ऑपेरा हाऊस थिएटरमधला बॅलेपण (युरोपियन नृत्यप्रकार) बघायचा म्हणून बरेच जण विचारालेत. बघा की, पण विमानाचं तिकीट काढून झाल्यावर शोचं बघू म्हणणारे हमखास फसतात. आधी शोची तारीख, मग बाकी सगळं.

कारण तिथल्या रॉयल बॅले या कंपनीचा सीझन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला चालू होऊन जून-जुलैपर्यंत संपतो. ऑगस्टमध्ये स्वस्त विमान मिळालं म्हणून गेलात तर मेन स्टेजवर त्यांचा शो मिळणं अवघड. व्हिसाचंपण गणित आहे, यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला प्रवासाच्या ३ महिन्यांपेक्षा जास्त आधी अर्ज करता येत नाही, निकालाला साधारण ३ आठवडे धरा, आणि बायोमेट्रिकला पुणे नाहीतर बेंगळुरूची फेरी आहेच.

दुसरं, नाव नीट वाचा. त्याच स्टेजवर ऑपेरापण असतो, घाईत तिकीट काढून तीन तास इटालियन गाणं ऐकत बसायची पाळी येते (ज्याला आवडतं त्याची गोष्ट वेगळी). आणि 'मिक्स्ड' लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दोन-तीन छोटे बॅले असतात, त्यातल्या कितीतरींना स्टोरीच नसते. पहिल्यांदाच बघणार असाल तर सरळ स्वान लेक, नटक्रॅकर, जिझेल असलं काहीतरी धरा आणि गोष्ट घरूनच वाचून जा, स्टेजवर कोण एक शब्द बोलत नाही.

सीटच्या बाबतीत मात्र आपली लोकं सगळ्यात जास्त पैसे घालवतात. पुढची सीट म्हणजे भारी हे डोक्यातनं काढा. हॉल घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, त्यामुळं बाजूच्या सीटवरनं स्टेजचा एक तुकडा दिसतच नाही, आणि तिकिटावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असतंय पण वाचतंय कोण. वरच्या अँफिथिएटरमधली मधली सीट घ्या. चेहरे बारीक दिसतात खरं, पण स्वान लेकमध्ये हंसांच्या रांगा तिरप्या होतात, फुटतात, परत जुळतात, ते वरनंच कळतं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी मात्र नको, चढ लई उभा आहे.

सगळं फुल्ल दाखवालंय? दुसऱ्याच कुठल्यातरी साईटवर तिप्पट पैसे भरू नका. थिएटरच्या स्वतःच्या साईटवर फ्रायडे रश म्हणून असतंय, शुक्रवारी तिथल्या दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याची थोडी तिकिटं सोडतात. म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात संध्याकाळी ६:३०, उन्हाळ्यात ५:३०. आणि पेमेंट फेल झालं की साईटला शिव्या घालायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू आहे का बघा, बहुतेक वेळा ते बंदच असतंय.

पोचल्या दिवशीच संध्याकाळचा शो ठेवू नका. तिथले ७:३० म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचा १, पहिल्याच अंकात मान पडणार. दोन दिवस जाऊ देत, नाहीतर शनिवारची दुपारची मॅटिनी बघा.

आणि वेळ पाळा ओ. गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याचा खेळ रात्रभर चालतो, मध्येच उठून चहा पिऊन आलं तरी कोण काय म्हणत नाही, पण इथं दार एकदा बंद झालं की योग्य ब्रेक येईपर्यंत आत सोडत नाहीत, बाहेर स्क्रीनवर बघत बसायचं. कॉव्हेंट गार्डन स्टेशन पिकाडिली लाईनवर आहे, तिथं लिफ्टला गर्दी दिसली म्हणून जिन्यानं निघू नका, १९३ पायऱ्या आहेत, गोल गोल. साडी नेसून गेलात तरी चालतंय, ड्रेस कोड असा काही नाही, जाड कोट क्लोकरूममध्ये द्या.

लंडन जमत नसेल तर मुंबईवर नजर ठेवा, बाहेरचे ग्रुप अधनंमधनं येतात. फक्त एनसीपीए हे थिएटर नरिमन पॉइंटला आणि अंबानींचं कल्चरल सेंटर बीकेसीला, एवढं बघूनच लॉज बुक करा, आणि बेळगावातनं रात्रीच्या बसनं जाणार असाल तर शोच्या आदल्या रात्रीची बस धरा, त्याच दिवशी सकाळी निघून घाटात अडकू नका.