लहानपणी गाण्यात नाव झालं, आवाज फुटला, आता पुढं काय? माझा अनुभव

मी सोलापुरात गाण्याचा क्लास घेतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आईवडील पोराला घेऊन माझ्याकडं येतात. पोरगं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत नाहीतर मोबाईलवर गाजलेलं असतं, वय तेरा-चौदा, आणि प्रश्न एकच असतो, सर आता पुढं काय करायचं. प्रत्येकाला तेवढ्याच तळमळीनं सांगतो पण अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढतोय. लांब झालंय, पण ज्याच्या घरी असं पोरगं आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कट्ट्यावर दोन्ही आणि वरून हिंदी. वडील यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. मागाची खटखट चालू असताना बोलायचं म्हटलं की आवाज चढवूनच बोलावं लागतं, तसंच गातही होतो, त्यामुळं आवाज लहानपणापासून उंच आणि खणखणीत. बाराव्या वर्षी एका टीव्हीवरच्या स्पर्धेत निवड झाली, जिंकलो नाही पण बऱ्यापैकी पुढं गेलो, आणि परत आलो तर गल्लीत बॅनर लागलेले. मग दोन वर्षं नुसते कार्यक्रम. गणपती, नवरात्र, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, लग्नाच्या आदल्या रात्री. काळी पाचमधी, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, बायकांची गाणी गायचो आणि लोक नोटा घेऊन स्टेजवर यायचे. एका कंपनीनं अल्बमही काढला, त्याचं पुढं सांगतो.

चौदा पूर्ण व्हायच्या आधी एका गणपतीत अंतऱ्यावर गेलो आणि आवाज फाटला. दुसऱ्या गाण्यात परत तेच. घरी आलो तर अम्मानं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या नजर लागली, कुणी ज्येष्ठमध दिला कुणी काढा. मुलाचा आवाज फुटतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण माझा फुटेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्या तर नाहीच. पुढचे सहा-सात महिने मी तीच गाणी त्याच पट्टीत ताणून ताणून म्हटली कारण सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. शेवटी बोलायलाही आवाज निघेना तेव्हा कानानाकाघशाच्या डॉक्टरांकडं गेलो, स्वरतंतूंना सूज होती, महिनाभर गाणं पूर्ण बंद.

मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या मधी बदलतो. गळ्यातली स्वरपेटी मोठी होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, फक्त कमी, म्हणून लक्षात येत नाही. काही जणांचं काही महिन्यांत उरकतं, काहींना वर्ष-दीड वर्ष लागतं. या काळात गाणं सोडायचं नाही, पण जिथं आवाज आपसूक लागतो त्या मधल्या चार-पाच सुरांत हळू आवाजात गायचं, वर ढकलायचं नाही, आणि पट्टी दर महिन्याला तपासायची. आज काळी तीनमधी ठीक वाटलं म्हणून पुढच्या महिन्यात वाटेलच असं नाही. घसा तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर काढे बंद करून डॉक्टरला दाखवा. आणि कार्यक्रम घेऊ नका. पैसे लागत असतील हे मला कळतं, आमच्याकडंही लागत होते, तरी सांगतोय घेऊ नका.

त्या रिकाम्या काळात मला माझ्या गाण्याच्या सरांनी पेटीवर बसवलं. म्हणाले, "गळा नाहीये ना आत्ता, बोटं तर आहेत? चाल लाव काहीतरी." मला तेव्हा राग आला होता कारण मी गायक होतो, वादक नव्हतो. पण आज माझं जे काही चाललंय त्यातलं निम्मं त्या पेटीतून आलंय.

मधली चार-पाच वर्षं फार काही सांगण्यासारखी नाहीत. दहावी, बारावी, कॉलेज, ऑर्केस्ट्रात मागं कोरसला उभा राहायचो, आणि लोक "हा तोच काय बे?" म्हणून बघायचे. एकोणीस वर्षांचा असताना पुण्यात एका नाट्यशिबिराला गेलो, तिथल्या बाईंनी माझी सगळी कथा ऐकून घेतली आणि मला डेबी गिब्सन या अमेरिकन गायिकेबद्दल सांगितलं. मी नावही ऐकलं नव्हतं. रात्री मोबाईलवर शोधत बसलो तो दोन वाजेपर्यंत.

ही न्यूयॉर्कच्या बाजूची मुलगी, जन्म १९७० चा. १९८७ मधी पहिला अल्बम आला तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, आई मॅनेजर. १९८८ मधी तिचं एक गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर गेलं, आणि ते तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं आणि निर्मितीही स्वतःच केलेली होती, एवढ्या लहान वयात हे तिन्ही करून पहिला नंबर घेणारी ती पहिलीच बाई. १९८९ मधी दुसरा अल्बमही पहिल्या नंबरवर. मग नव्वदीत वारं बदललं, पुढचे अल्बम तसे चालले नाहीत. म्हणजे विशीतच तिच्यासमोर तोच प्रश्न आला जो माझ्यासमोर पंधराव्या वर्षी आला होता.

तिनं काय केलं तर १९९२ मधी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'ले मिझराब्ल' या आधीपासून चालू असलेल्या संगीत नाटकात एपोनीन नावाच्या मुलीची भूमिका घेतली. नाटक तिच्या नावावर उभं नव्हतं, ती आधी चाललेल्या नाटकात जाऊन उभी राहिली. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात, एक दिवस सुट्टी. ज्या पोरीच्या नावावर स्टेडियम भरत होते ती रोज ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेला एन्ट्री घेऊन दुसऱ्याच्या नाटकात काम करत होती. पुढच्या वर्षी लंडनमधी दुसरं संगीत नाटक, मग १९९७ मधी परत ब्रॉडवे, २००३ मधी आणखी एक. मधी मधी सिनेमे केले, त्यात २००९ चा एक अवाढव्य शार्क आणि ऑक्टोपसचा सिनेमाही आहे. लाइम नावाच्या आजारानं तिला फार त्रास दिला, हे तिनं २०१४ मधी लोकांना सांगितलं. आणि २०२१ मधी पन्नाशीत स्वतःची गाणी घेऊन नवीन अल्बम. हे सगळं वाचून मी रडलो होतो, लाज वाटत नाही सांगायला. कारण माझ्या आजूबाजूला सगळे एकच विचारत होते की परत कधी गाजणार, आणि हिनं बहुतेक तो प्रश्न बाजूला ठेवून रोजच्या कामावर जायला सुरुवात केली होती.

दुसरी वाट पण आहे. इंग्लंडची बिली पायपर १९९८ मधी पंधराव्या वर्षी पहिल्याच गाण्याला पहिल्या नंबरवर गेली आणि काही वर्षांत तिनं गाणं सोडूनच दिलं, २००५ मधी टीव्हीवरच्या विज्ञानकथेच्या मालिकेतून नटी म्हणून नाव केलं, पुढं २०१७ मधी रंगभूमीसाठी ऑलिव्हिए पुरस्कार घेतला. म्हणजे गाणं सोडलं तर पाप लागतं असं काही नाही. आपल्याकडंच बघायचं तर फैयाजबाई सोलापूरच्याच की. गाणं आणि अभिनय दोन्ही एकाच गळ्यात घेऊन त्यांनी संगीत नाटक गाजवलं, २०१५ मधी बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आमच्या गावात एवढं मोठं उदाहरण असताना मला परदेशातलं नाव आधी कळलं याचं मला अजून वाईट वाटतं.

शिबिरावरून आलो आणि इथल्या एका हौशी ग्रुपमधी गेलो. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम चालू होती. मला वाटलं गाणारा आहे म्हणल्यावर काहीतरी रोल देतील. मला म्युझिक ऑपरेट करायला बसवलं. पूर्ण एक सीझन. सगळे नोकरीवाले, तालीम रात्री आठ-साडेआठला सुरू, घरी जायला बारा. पण त्या बटणावर बसून मी जे शिकलो ते पुढं उपयोगी पडलं, की वाक्य कुठं संपतं, शांतता किती धरायची, एकाचं बोलणं दुसरा कसा ऐकतो. पुढच्या वर्षी तीन सीनचा रोल मिळाला आणि हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात पहिल्यांदा गाण्याशिवाय उभा राहिलो.

गाणाऱ्या पोरांना अभिनयात जी अडचण येते ती नेमकी सांगतो. आपल्याला सवय असते लोकांकडं तोंड करून उभं राहायची, आणि शेवटचा सूर लावला की टाळीसाठी थांबायची. नाटकात मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तसाच थांबायचो. दिग्दर्शक म्हणायचे, "तू तिच्याशी बोललालाय का बाल्कनीशी बोललालाय?" हे जायला मला दोन वर्षं लागली. उपाय एकच, समोरच्याचं वाक्य खरंच ऐकायचं, रोज नवीन ऐकल्यासारखं. जुगलबंदीत तबलजीचं ऐकतो ना तसं. गाणाऱ्याला हे जमू शकतं, फक्त ते गाण्यातलंच कौशल्य आहे हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

पैसे खरे सुरू झाले ते डबिंगमधी. तेलुगू सिनेमे हिंदी-मराठीत येतात, आणि मला दोन्ही बाजू कळतात, म्हणून एका ओळखीतून काम मिळालं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी मुंबई, काम करून रात्री परत, अशी दीड-दोन वर्षं केली. सुरुवात क्राउडपासून, म्हणजे बाजारातला गोंधळ, लग्नातली गडबड, मारामारीत ओरडणारे. मग दोन वाक्यांचे रोल. हेडफोनमधी मूळ आवाज ऐकत पडद्यावरच्या ओठांवर आपली वाक्यं बसवायची. प, ब, म आलं की ओठ मिटतात, तिथं आपलंही तसंच अक्षर आलं पाहिजे नाहीतर लगेच कळतं, त्यामुळं जागच्या जागी शब्द बदलता यायला लागतो. ताल पक्का असेल त्याला हे पटकन येतं. उच्चारांवर मात्र मला मेहनत घ्यावी लागली, न आणि ण, ल आणि ळ, रोज सकाळी अर्धा तास पेपर मोठ्यानं वाचायचो. आणि सोलापूरची मुलं आपल्या बोलीची लाज बाळगतात तसं करू नका, ती ठेवा, प्रमाण मराठी तिच्या शेजारी आणून बसवा. मला पुढं जे दोन चांगले रोल मिळाले ते या बोलीमुळंच. पैसे दोन-दोन महिन्यांनी यायचे, तेवढी तयारी ठेवा.

आता कागदाचं. माझ्या अल्बमच्या वेळी वडिलांनी सही केली, कागद इंग्रजीत होता, वाचून कुणी दाखवला नाही, आम्हाला एकदाच थोडे पैसे मिळाले आणि पाच वर्षं दुसरीकडं रेकॉर्डिंग करायचं नाही असं त्यात होतं हे नंतर कळलं. तर सहीआधी वकिलाला दाखवा, किती वर्षं बांधलेलं आहे, दुसरीकडं गायला बंदी आहे का, रेकॉर्डिंगचा मालक कोण, स्टेज शोच्या पैशात वाटा कुणाचा, हे चार प्रश्न विचाराच. मूल चौदाच्या आतलं असेल तर आता कायद्याचे नियम आहेत, २०१७ पासून. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, आणि कमाईचा निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेवीत टाकायचा. आमच्या वेळी हे नियम नव्हते. आता आहेत तर मागून घ्या, मागितलं की काम जाईल अशी भीती घालतात, तरी मागा.

आणि यातच माझा पेटीचा मुद्दा परत येतो. २०१२ मधी कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कागदावर सही घेऊनसुद्धा काढून घेता येत नाही, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासद होऊन तो मिळवता येतो. गायकांसाठीही कायद्यात तरतूद आली, पण आवाज बदलतो, पट्टी उतरते, लोकांना नवीन आवाज आवडायला लागतो. तुम्ही लावलेली चाल मात्र तुमचीच राहते. डेबी गिब्सन पन्नाशीत परत उभी राहू शकली यात तिचा गळा आहेच, पण मला वाटतं त्याहून जास्त हे आहे की ती सोळाव्या वर्षी दुसऱ्याची गाणी म्हणत नव्हती. मी माझी सगळी दोन वर्षं दुसऱ्यांचीच गाणी म्हणत होतो. म्हणून बारा वर्षांचं असो की अठराचं, रोज काहीतरी स्वतःचं करा, चार ओळी, एक मुखडा, वाईट झाला तरी चालेल.

शिक्षणाचं विचारतात म्हणून थोडक्यात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा विशारदपर्यंत द्याच, शिकवण्याचं काम मिळायला उपयोग होतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक आणि संगीत दोन्हीचं पदवीपासून शिक्षण आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, आधी नुसतं बघून तर या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला पदवी आणि नाटकात केलेलं काम दोन्ही लागतं, म्हणून कॉलेज अर्धवट सोडू नका. अतुल कुलकर्णी इथल्याच नाटकांतून तिथं गेले होते.

माझं आत्ता असं आहे की पांढरी दोनमधी गातो, वर्षातून एक-दोन नाटकांचं संगीत करतो, डबिंग चालू आहे, संध्याकाळी क्लास. बॅनर लागत नाहीत. सध्या क्लासला तेरा वर्षांचा एक मुलगा येतोय, मागच्या वर्षी खूप गाजलेला, आवाज फुटायला लागलाय. आम्ही त्याचे सगळे कार्यक्रम थांबवलेत, अम्मा-वडिलांना समजवायला तीन बैठका लागल्या. सध्या तो पेटीवर आजीच्या तेलुगू पाळण्याला नवी चाल लावतोय, दोन ओळी झाल्यात, तिसरीत अडकलाय. शनिवारी त्याला तालमीला घेऊन जाणार आहे, म्युझिकच्या बटणावर बसायला माणूस हवाय.